पेव ओळखायचा कसा

नागपूर,
२२ ऑगस्ट

प्रिय वसंता,

चिखलदऱ्याचे फोटो मिळाले. भीमकुंडाच्या वाटेवर, नाल्याकाठच्या सावलीत तुला दिसलेलं पांढरं फूल रानहळदीचं नव्हे, पेवाचं आहे. काहून, ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुला कोणाला विचारावं लागणार नाही.

फूल जरा बाजूला ठेव अन् आधी खोड पाहा. हळद, आलं यांची पानं दोनच बाजूंना ओळीनं निघतात. पेवाची पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती चढत जातात, खोडही वर वर पिळा घेत जातं. तुझ्या एका फोटोच्या कोपऱ्यात हे स्वच्छ दिसतंय, राजा! दुसरी खूण वासाची. रानहळदीचं पान चोळलं की बोटांना वास राहतो, पेवाच्या पानाला तो नाही. पण पानाच्या खालून बोट फिरव, मऊ रेशमी लव लागेल.

आता फूल. शेंड्याला लाल छदांचा, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या खवल्यांचा, घट्ट कणसासारखा तुरा असतो, त्यातून रोज एखाददुसरं फूल उमलतं. ती मोठी, चुरगळलेली पांढरी पाकळी, आत पिवळसर झाक असलेली, खरं तर पाकळी नाहीच. पाच वांझ पुंकेसर जुळून ती झालेली असते. परागकण देणारा पुंकेसर एकच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. जुन्या पुस्तकांत पेवाचं शास्त्रीय नाव कॉस्टस स्पेसिओसस, हल्ली हेलेनिया स्पेसिओसा. झाड एकच.

उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, कंद मातीत जिवंत राहतो, पावसाळा लागला की कोंब येतात. त्या कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं, स्टिरॉइड औषधं बनवायला ते उपयोगी पडतं. म्हणून कळकळीनं सांगतो, नेमकी जागा कोणाला दाखवू नको, अन् घरी लावायला म्हणून तिथला कंदही उपटू नको. हवाच असेल तर रोपवाटिकेतून आण.

पाऊस सरल्यावर परत जाशील तर फळं नक्की बघ. लाल बोंडं फुटली की आत काळ्या बिया अन् पांढरा गर दिसतो. फोटो काढशील तो अख्ख्या खोडाचा काढ, शेजारी काठी उभी कर, म्हणजे उंची कळेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप