डुकरे का दगावली, तेही छापायला हवे होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील हृदय आणि मायक्रोआरएनए (पेशीत कोणते प्रथिन किती बनावे हे ठरवणारे इवले रेणू, त्यांचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात) यांवरील लेख मी दोनदा वाचला. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे असा विषय मराठीत आलेला पाहून आधी समाधानच वाटले. परंतु संध्याकाळी जतहून धाकट्या दिरांचा फोन आला, "वहिनी, लेखातले ते मायक्रोआरएनएचे इंजेक्शन सांगलीत कधी मिळणार? मग या रोजच्या गोळ्या थांबवल्या तर चालतील ना?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

लेखात खोटे काही नाही, पण तो अर्ध्यावर थांबतो. प्राणवायू कमी पडला की हृदयाच्या पेशीत मायक्रोआरएनए-२१० वाढते आणि पेशीचा प्राणवायूचा खप घटवते. मायक्रोआरएनए-२१ हे पेशीला आत्मनाशाकडे नेणारे प्रथिन दाबून धरते. आरएनएच्या जेमतेम २२ घटकांच्या तुकड्याने एवढे करावे, हे विलक्षण आहे आणि २०२४ चे नोबेल या शोधाला मिळाले ते उगीच नव्हे. मात्र हेच मायक्रोआरएनए-२१ हृदयातील तंतुपेशींत वाढले की स्नायूत वण धरतो, असे उंदरांवरील २००८ मधील संशोधनात दिसले. मायक्रोआरएनए-३२० तर वाढले की इजाच वाढवते.

सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला डुकरांवरील प्रयोग, आपल्या लेखकाने निम्माच सांगितला. झटका आलेल्या हृदयात मायक्रोआरएनए-१९९ए तयार करणारे जनुक सोडल्यावर महिन्याभरात आकुंचन सुधारले आणि वण आक्रसला, इथपर्यंत लेखात आले आहे. त्यानंतर ते रेणू तयार होणे थांबवता आले नाही, हृदयाच्या स्नायूत अर्धवट वाढीच्या पेशी पसरल्या आणि बहुतेक डुकरे ठोके बिघडून अचानक दगावली. हे एक वाक्य छापले असते तर दिरांनी तो प्रश्न विचारला नसता.

त्यांना गेल्या हिवाळ्यात सकाळी छातीत जळजळ आणि जबड्यात कळ सुरू झाली. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन देऊन त्यांना घरी पाठवले, इसीजी काढला नाही. दुपारी सदरा घामाने भिजला तेव्हा गाडी काढली, तर कवठेमहांकाळच्या अलीकडे उसाच्या डबल ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि त्यांतील एक रस्त्यातच कलंडलेली. पुतण्या खाली उतरून हात जोडत वाट मागत होता. सांगलीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. हृदयाची तुंबलेली शीर उघडली, पण तोवर स्नायूचा मोठा भाग मेला होता. आज परसातली बादली उचलली तरी त्यांना धाप लागते.

रक्तपुरवठा तुटल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायुपेशी मरू लागतात आणि पुढचे काही तास ते मरण पसरत जाते. शीर उघडल्यावर परत येणाऱ्या रक्तानेही पेशींना इजा होते, ती कमी करण्यासाठी मायक्रोआरएनएचा उपयोग व्हावा, अशी संशोधकांची आशा आहे. पण त्यासाठी आधी शीर वेळेत उघडावी लागते. लेखाच्या पाऊण पानात इसीजी हा शब्द एकदाही नाही, १०८ क्रमांक नाही, छातीत दुखताच निघा असेही कुठे नाही. जत, आटपाडीकडच्या वाचकाला पहिल्यांदा याची गरज आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच लेखाच्या खाली 'बायपासविना ब्लॉकेज उघडा' अशी काढ्याची जाहिरात आपण छापली आहे. वर नोबेलविजेत्या शोधाची माहिती आणि खाली ती बाटली, अशा शेजारामुळे साध्या वाचकाला दोन्ही एकाच तोलाचे वाटतात. जाहिरात विभाग वेगळा असतो हे मला ठाऊक आहे, तरी पान अखेर आपलेच आहे. डुकरांच्या प्रयोगाचा उरलेला भाग आणि सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत ही सूचना, दोन्ही त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली