साठावा दिवस की छत्तिसावा?

सातारा,
१४ जुलै

प्रिय अविनाश,

तुझी गोष्ट मिळाली. एकदा रात्री वाचली आणि दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. फोनच करणार होतो, पण सांगायचंय त्यात आकडे आहेत, आणि आकडे आले की तू फोनवर नुसता 'हं, हं' करतोस. म्हणून पत्र.

चौदाव्या पानावर तुझी नायिका रडते. यानातल्या तात्काळयंत्रावर, म्हणजे कितीही लांबचा निरोप त्याच क्षणी पोचवणाऱ्या तुझ्या यंत्रावर, धाकटा भाऊ गेल्याचा निरोप येतो, ती उठून खिडकीशी बसते, बाहेर नुसता काळोख. लिहिलंयस छान. पण मला रडू आलं नाही रे, मी तिच्यावर ओरडत होतो: अगं, रडतेस काय, उत्तर पाठव, अजून वेळ आहे! भावाला वाचवायचं साधन तू तिच्या हातात दिलंयस आणि तुलाच त्याचा पत्ता नाही.

हिशेब बघ. यान पृथ्वीपासून प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने लांब चाललंय, असं तूच तिसऱ्या पानावर म्हटलंयस (हा वेग निवडलास हे बरं केलंस, गुणाकार सोपे जातात). या वेगाला यानातलं घड्याळ पृथ्वीवरून पाहता ०.६ पटीने चालतं. यान निघाल्यापासून पृथ्वीवर शंभरावा दिवस, भावाला अपघात, निरोप तत्क्षणी यानात. यानाच्या कॅलेंडरवर तेव्हा साठावा दिवस आहे. इथवर तुझंही बरोबर. आता ती उत्तर पाठवते. आइनस्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे ती स्वतःला स्थिर मानायला मोकळी आहे. तिच्या दृष्टीने पृथ्वीच ८० टक्के वेगाने मागे पळतेय, म्हणून पृथ्वीवरची घड्याळं मंद. तिच्या साठाव्या दिवशी पृथ्वीवर 'आत्ता' कितवा दिवस? साठ गुणिले ०.६, म्हणजे छत्तिसावा. तिच्याकडचं यंत्रही तात्काळच असेल, तर उत्तर छत्तिसाव्या दिवशी पोचतं. अपघाताला अजून चौसष्ट दिवस आहेत! 'शंभराव्या दिवशी गाडी काढू नकोस,' एवढं कळवलं की झालं. मग भाऊ वाचतो, मग निरोप जात नाही, मग ती उत्तर देत नाही, मग भाऊ पुन्हा गाडी काढतो.

यंत्र तात्काळ न ठेवता प्रकाशाच्या दहापट वेगाचं ठेवलंस तरी सुटका नाही. तेव्हाही यान प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाने जात असलं तरी हाच घोळ होतो.

तू म्हणशील, दोघांपैकी एकाचं 'आत्ता' चुकत असेल. सगळी मेख तिथेच आहे. आई सांगायची, आजोबांच्या गिरगावातल्या खोलीत कुणी वेळ सांगितली की पुढे विचारायचे, 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' आइनस्टाइनचा निबंध १९०५ चा, आणि लगेच १ जानेवारी १९०६ पासून आपल्याकडे प्रमाणवेळ आली. मुंबईने ती मुकाट्याने घेतली नाही. त्याच महिन्यात एका गिरणीतले कामगार नव्या वेळेविरुद्ध संपावर गेले, आणि ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइम १९५५ पर्यंत तग धरून राहिला. पण ते भांडण काट्यांपुरतं होतं. कुलाब्यात तोफ आणि पुण्यात घंटा एकदम वाजली, तर दोन्ही घड्याळंवाले 'एकदम वाजली' एवढं तरी मान्य करत. तुझ्या नायिकेचं आणि पृथ्वीचं तिथेच जमत नाही. दोन घटना एकदम घडल्या की नाहीत यावरच मतभेद, आणि कुणीच चुकत नाही. प्रकाशापेक्षा जलद काही धावत नाही तोवर हा मतभेद निरुपद्रवी असतो. तू तसं काही सोडलंस की त्याचं कालयंत्र होतं. वेगळं बनवावं लागत नाही.

टॅकिऑनने हे सुटेल म्हणून तू समासात लिहिलंयस. प्रकाशाहून जलद कणांचा गंभीर विचार १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी केला (देशपांडे वाचून मलाही बरं वाटलं होतं). 'टॅकिऑन' हे नाव मागाहून, १९६७ मध्ये फाइनबर्गने दिलं. तिघांची पळवाट मोठी चतुर होती: काळात मागे जाणारा ऋण ऊर्जेचा कण म्हणजे पुढे जाणारा धन ऊर्जेचाच कण समजा, फक्त पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल करा. एकट्या कणाला ते चालतं. पण त्यावरून मजकूर पाठवला, तर तो कुणी लिहिला हे अदलाबदलीने बदलत नाही. हे १९७० मध्ये ज्यांनी मांडलं त्यांच्यात ग्रेगरी बेनफर्ड होता, आणि त्याच माणसाने १९८० मध्ये 'टाइमस्केप' कादंबरी लिहिली. तिच्यात १९९८ मधले शास्त्रज्ञ टॅकिऑनवरून १९६० च्या दशकात इशारा पाठवू बघतात. अडचण त्याने लपवली नाही, तिच्यावरच कादंबरी उभी केली. मिळाली तर वाच.

यान काढून वार्प ड्राइव्ह, म्हणजे भोवतालचं अवकाशच आक्रसून-ताणून प्रकाशाच्या पुढे जाणारं वाहन, घालू नकोस. अल्कुबिएरेने १९९४ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि दोनच वर्षांत एव्हरेटने दाखवलं की अशा दोन प्रवासांतूनही भूतकाळात पोचता येतं. आणि २०११ चे ते प्रकाशाहून जलद धावल्याचा गवगवा झालेले न्यूट्रिनो कण पण काढ. जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा ते इटलीतलं ग्रान सासो, ७३० किलोमीटरला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर. पुढे कळलं की एक केबल नीट बसलेली नव्हती. तुझी पात्रं त्याचा दाखला देतात, त्यांना हे ठाऊक नाही का?

रेवतीची गोष्ट राहू दे, पण शास्त्रज्ञाच्या तोंडून 'आपल्याकडे हे आधीच होतं' हे वाक्य खोड. ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, गाणं ऐकतो, परत येईतो सत्तावीस चतुर्युगं उलटलेली. हा पुढचा प्रवास आहे, आणि पुढे जायला आइनस्टाइनची ना नाही. घोळ मागे यायचा आहे. ककुद्मी मागे आला असता तर बलरामाला वेगळी बायको शोधावी लागली असती.

आता करायचं काय? विश्वाला फांद्या फोडून एका फांदीत भाऊ वाचवायचा, हे मला आवडत नाही. ती ज्याच्यासाठी रडली तो मेलेलाच राहतो. रशियन भौतिकशास्त्रज्ञ नोविकोव म्हणतो तसं, भूतकाळ बदलू न देता, करता येईल: इशारा पोचतो, पण त्या इशाऱ्यामुळेच भाऊ त्या दिवशी त्या रस्त्यावर येतो. जमलं तर जबर, पण पंधरा पानांत ते योगायोगासारखं वाटेल. हॉकिंगचा तर्क, की निसर्गच कालयंत्र होऊ देत नाही, मला पटतो. गडी एवढा मिश्किल की २८ जून २००९ ला त्याने कालप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि निमंत्रणं नंतर काढली. कुणी आलं नाही. पण हे मानलं तर तुझं यंत्रच गेलं, आणि त्यावाचून तिसऱ्या पानानंतर गोष्ट नाही.

मला वाटतं, तुझ्या विश्वाला एक स्टँडर्ड टाइम दे. तात्काळयंत्र कुणाच्याही 'आत्ता'ला चालत नाही, एकाच ठरलेल्या 'आत्ता'ला चालतं, कुठल्याही यानातून पाठवा. आइनस्टाइनशी ही बेइमानी आहे, पण ती उघड कर, पहिल्याच पानावर. मग साठाव्या दिवशी तिने पाठवलेलं उत्तर शंभराव्याच दिवशी पोचेल, रिकाम्या घरात. ती पाठवेलच, तिला कागदावर छत्तिसावा दिवस दिसत असताना. हे चौदावं पान मला वाचायचंय.

मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवायचं म्हणतोस, तर खुशाल पाठव. नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ना. वि. जगताप या नावाने पाठवली होती, ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, झालं. तुझी उलटी केली तर काय होतात ते मी करून बघितलं. नको.

वहिनींना नमस्कार. सुधारलेली प्रत टाइप करून पाठव, तुझं अक्षर दिवसेंदिवस वाचवेनासं होत चाललंय.

तुझा,
श्रीधर