सूचना : जल दिनाचा आठवडा

सर्व पालक व वर्गशिक्षकांना नमस्कार.

२२ मार्चला जागतिक जल दिन आहे. यंदा घोषणांचे फलक नकोत, मुलांनी त्या आठवड्यात प्रत्यक्ष काम करावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तिसरी-चौथीची मुलं शाळेतले नळ तपासतील. गळक्या नळाखाली पेला ठेवून तो किती मिनिटांत भरतो, हे वहीत लिहितील. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. हा गुणाकार मुलांनाच करू द्या, कृपया आधी उत्तर सांगू नका! पहिली-दुसरीची मुलं बाटल्यांत उरलेलं पाणी बादलीत जमा करून झाडांना घालतील.

चित्रकलेच्या तासाबद्दल खास विनंती. ॲक्रिलिक रंगात प्लास्टिक असतं. ब्रश थेट बेसिनमध्ये धुतला की ते पाण्याबरोबर गटारात आणि पुढे नदीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून ब्रश आधी रद्दी कागदावर नीट पुसायचा, मगच डब्यातल्या पाण्यात बुडवायचा. घरीही हीच पद्धत ठेवा. खाऊचे कागद नाल्यात टाकायचे नाहीत, हे मुलांना ठाऊक आहे. आपण मोठ्यांनीही पाळूया.

मुलांनी दाखवलेला गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त व्हायला हवा. नळदुरुस्ती येणाऱ्या पालकांनी वर्गशिक्षकांना कळवावं.