फ्लेक्सआधी सभासदयादी

महोदय,

शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक आली की उमेदवार आधी फ्लेक्सवाल्याकडे धावतो. मत असते आजीव सभासदांना, चौकातून जाणाऱ्यांना नव्हे! पहिला खर्च सभासदयादीची प्रत मिळवून ती तपासण्यावर करावा. यादीत पत्ता साखर पेठेचा, सभासद राहायला जुळे सोलापुरात नाहीतर पुण्यात. शिवाय मयत नावे तशीच. यादी न तपासता हजार पत्रे टाकली, तर परत येणाऱ्या प्रत्येक पत्राची छपाई आणि टपाल दोन्ही वाया. एका घरात तीन सभासद असतील तर पाकीट एकच पुरते.

कागदाचे वजन कुणी पाहत नाही. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद साधारण साडेचार ग्रॅम भरतो, म्हणजे दोन कागद पाकिटासह आरामात बसतात. हौसेने १३० जीएसएमचा आर्ट पेपर घेतला की एकच कागद आठ ग्रॅमचा. दोन कागद आणि जाड पाकीट मिळून वीसच्या वर. तिकीट कमी पडले तर कमतरतेच्या दुप्पट रक्कम पोस्टमन मतदाराकडून मागतो. मत तिथेच गेले. छापण्याआधी भरलेले पाकीट काट्यावर ठेवून पाहावे.

सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक सभासदांसाठी तेलुगू मजकूर हवा असेल तर अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरावेत. एकूण रकमेतला दहावा हिस्सा शेवटच्या दोन दिवसांच्या फोन व रिक्षाभाड्यासाठी राखावा. आणि संस्थेचा शिपाई, झेरॉक्स, गाडी यांपैकी काहीही प्रचाराला वापरू नये. तो विश्वस्त संस्थेचा पैसा आहे.

— एक आजीव सभासद, सोलापूर