दूरच्या राजसत्तेपासून वसाहती का तुटतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यदिनी आमच्या भागातील शाळांत जी भाषणे होतात, त्यांत इंग्रज जुलमी होते म्हणून आपण त्यांना घालवले, एवढेच कारण सांगितले जाते. जुलूम होताच, पण वसाहतीतील माणसे दूरच्या राजसत्तेशी असलेले नाते तोडायला का उठतात, हे त्यातून मुलांना पुरते उमगत नाही. आपल्यावर कर बसवणाऱ्याला जाब विचारायची सोयच नसणे, हे माझ्या मते त्याचे मूळ कारण आहे.

लंडनच्या पार्लमेंटने १७६५ साली अमेरिकेतील वसाहतींमध्ये वर्तमानपत्रांवर व कोर्टाच्या कागदांवर मुद्रांक कर बसवला. ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. मात्र वसाहतींसाठी हवा तो कायदा करण्याचा आपला अधिकार कायम असल्याचे त्याच वेळी नव्या कायद्याने ठणकावून सांगितले. कर गेला, दुखणे राहिले. पुढे १७७५ मध्ये त्या लोकांनी समेटासाठी पाठवलेला अर्ज राजा तिसरा जॉर्ज याने हातातही घेतला नाही. याउलट कॅनडाला १८३७ च्या बंडांनंतर हळूहळू निवडलेल्या सभेमार्फत कारभार करण्याची मुभा मिळत गेली आणि तो देश आजही त्याच राजमुकुटाला मानतो.

आपल्या वऱ्हाडाचा इतिहास तर याहून बोलका आहे. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवले आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिले गेले. ज्यांच्या शेतसाऱ्यावर हा सारा व्यवहार उभा होता, त्या कास्तकारांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली. पण १८९६ मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची मर्जी राखण्यासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर ३.५ टक्के कर बसला, तेव्हा सम्राज्ञीचे नाव मिरवणारी ही गिरणीही त्यातून सुटली नाही. ती राणी हिंदुस्थानात एकदाही आली नव्हती.

जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागातील राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला, त्यामागेही हेच दुखणे होते. गावाच्या शिवेला लागलेले जंगल राखीव ठरवताना गावाचा शब्द जमेस धरला गेला नव्हता, आणि बैलांच्या चाऱ्यासाठी मात्र सरकारी परवानगी लागत होती. एवढ्याशा गवतासाठी माणसे तुरुंगात का गेली, हे आमच्या पोरांना कोणीतरी सांगायला हवे.

आपल्या दैनिकाने येत्या ऑगस्टमध्ये १९०२ च्या कराराची व पुसदच्या जंगल सत्याग्रहाची साद्यंत माहिती छापावी, अशी विनंती आहे. खेड्यांतील शिक्षकांना ती वर्गात वाचून दाखवता येईल.

आपला,
एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)