भर हंगामात आपल्या फिटरला परदेशी जाऊ देणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच 'तिकडची गाठी बांधायची प्रेस कशी चालते?' म्हणून विचारता आणि बोलायचं राहून जातं. म्हणून ऑस्ट्रेलियातून हे लिहितो आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. हिंगणघाट, वणी, राळेगाव, आर्वी या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांत, घाम गाळणारी कितीतरी पोरं आज बाहेर जायचं मनात धरून आहेत. प्रत्येकाला तुमच्यासारखा फोरमन मिळतोच असं नाही.

शहरातल्या एका एजंटानं ऑस्ट्रेलियाच्या 'पक्क्या परमिट'साठी साडेचार लाख मागितले होते आणि बाबांनी दोन एकर गहाण टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. तुम्ही संध्याकाळी ओसरीवर येऊन बसलात आणि त्या एजंटानं काय लिहून दिलंय ते दाखवा म्हणालात. लिहून काहीच दिलं नव्हतं. 'वावर गहाण टाकाल त बुडन कोन? एजंट नाई बुडत,' एवढंच बोललात. बाबांना माझं काही पटत नव्हतं, तुमचं पटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सेतू केंद्रात नेलं. तिथल्या ताईंनी ऑस्ट्रेलिया सरकारचं संकेतस्थळ उघडलं आणि तुम्ही एकेक ओळीचा अर्थ विचारत बसलात. तेव्हा कळलं की भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झालाय आणि त्यातून भारतीय तरुणांना 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा मिळू लागलाय. उपवर्ग 462, वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30. बारा महिने राहायचं, फिरायचं, काम करायचं. आधी नोकरी हातात असण्याची अटच नाही. नावं सोडतीनं निघतात आणि ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या नोंदणीचं शुल्क होतं 25 ऑस्ट्रेलियन डॉलर. कुठे 25 डॉलर आणि कुठे साडेचार लाख! संगणकाच्या सोडतीत कोणताही एजंट कुणाचं नाव वर आणू शकत नाही. ही एक गोष्ट तालुक्यातल्या प्रत्येक घरात पोचली तरी कितीतरी सातबारे कोरे राहतील.

बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं, ही अट वाचली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात. आयटीआयनंतर मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा फिटरला बी.ए. कशाला म्हणून कारखान्यात बरीच बोलणी झाली होती. तुम्ही मात्र दरवर्षी परीक्षेच्या दिवसांत माझी पाळी बदलून दिली. इंग्रजीच्या परीक्षेसाठी आयईएल्‌टीएसमध्ये सरासरी 4.5 पुरत होते, तरी शाळेतल्या सरांकडे मला संध्याकाळी पाठवायला तुम्हीच सुरुवात केली. खर्चाला 5,000 डॉलर जवळ असल्याचं दाखवायचं होतं, म्हणजे पावणेतीन लाखांच्या घरात. ते मी साठवत होतो, कारण पहिल्या पगारापासून तुम्ही मला आवर्ती ठेव उघडायला लावली होती.

माझ्या मते सगळ्यात मोठं काम केलं ते तुमच्या अनुभवपत्रानं. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'फिटर' लिहिलेलं असतं. त्यावरून परक्या देशातल्या माणसाला काय कळणार? तुम्ही मालकांसमोर बसून एकेक काम लिहून घेतलं: डबल रोलर जिनच्या (दोन फिरत्या रोलरांनी सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) चामडी रोलरला खाचा पाडणं, चाकूचा दाब बसवणं, बीटरचं अंतर, कन्व्हेयरचे बेअरिंग, प्रेसचं हायड्रॉलिक. किती वर्षं, कोणत्या यंत्रावर, कुणाच्या हाताखाली, हेही घातलं. प्रत्येक कामाचा व्हिडिओ काढायला लावला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या नॅराब्राय गावच्या जिनमधून मॅनेजरचा फोन आला तेव्हा त्यांच्यासमोर तेच पत्र होतं आणि प्रश्न त्यातलेच होते.

इथली जिन वेगळी आहे. डबल रोलर नाही, करवतीच्या गोल पात्यांची सॉ जिन. आपल्याकडे हातानं वेचलेला कापूस बंड्या-ट्रॉल्यांतून येतो. इथं यंत्रानं वेचलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दोन टनांहून जड गोळा येतो. आपली रुईची गाठ 170 किलोची, इथली 227 ची. वेचणी मार्चपासून, म्हणजे आपला हंगाम उतरतो तेव्हा इथला चढतो. पहिल्या आठवड्यात मी तेच केलं जे तुम्ही नव्या पोराला सांगता: रुई सरकीपासून नेमकी कुठं सुटते ते आधी पाहा, बाकी यंत्र मग समजतं. ते इथंही खरं ठरलं.

यंत्राला हात लावण्याआधी फ्यूजची किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायची, हा तुमचा कडक नियम. घाईच्या वेळी तुम्ही त्यावरून मालकांशीही भांडलात. इथं प्रत्येक कामगाराला स्वतःचं कुलूप आणि नावाची पट्टी देतात. मुख्य स्विचला आपलं कुलूप लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही आणि ते कुलूप दुसऱ्यानं काढायचं नाही. मला हे नव्यानं शिकावं लागलं नाही. माझी दहाही बोटं शाबूत आहेत ती तुमच्यामुळे, आणि हे मी आईलाही सांगितलंय.

आणि हे सगळं तुम्ही केलंत ते स्वतःचं नुकसान करून. फेब्रुवारीत यार्डात कापसाचे ढीग लागलेले, दोन रोलर बदलायला आलेले आणि हाताशी तयार फिटर मी एकटा. मला निघण्याचं तोंडातून काढवत नव्हतं. 'तू जाय बे, हंगाम म्या पाहून घेतो,' म्हणालात. त्यानंतर कितीतरी रात्री तुम्ही स्वतः पान्हा घेऊन जिनवर उभे होता, हे मला काकूंकडून कळलं. या वयात. त्याची भरपाई मी कशानं करणार, मला अजून सुचलेलं नाही.

इथला पगार बँकेत येतो, पावती मिळते. 1 जुलै 2025 पासून किमान वेतन ताशी 24.95 डॉलर झालं. आमच्या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापतात, हे पोरांना आधीच सांगा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. आणि विजेच्या कामाला इथं वेगळा परवाना लागतो. आपला फिटर तारेला हात लावतो तसं इथं चालत नाही.

रोलरवरच्या त्या दोन नव्या पोरांना माझा नंबर द्या. अनुभवपत्राचा नमुना मी त्यांना पाठवतो. मात्र त्यातली कामं त्यांनी खरोखर तुमच्या हाताखाली केलेलीच असावीत. व्हिसाचं वर्ष संपताच मी येतो आणि पुढचा हंगाम तुमच्याबरोबर जिनवर धरतो. काकूंना नमस्कार.

आपला,
जिनिंगमधला फिटर