शिनाण्यांची चूल

जिब्राल्टर
१४ जुलै

ती. आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या लांब जाऊन कसली ती हाडं चिवडत बसतेस गं?" तेव्हा आजूबाजूला माणसं होती, धड उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले. बाबांनाही वाचून दाखव.

आधी जागा सांगते. जिब्राल्टर म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला जेमतेम ७ चौरस किलोमीटर, आणि त्यातला बराचसा एकच डोंगर, ४२६ मीटर उंचीचा, चुनखडीचा. त्याच्या पूर्वेच्या कड्याखाली समुद्राला चिकटून चार गुहा आहेत. त्यातल्या गोरहॅम आणि व्हॅनगार्ड या दोघींशी माझा रोजचा संबंध. २०१६ साली त्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. आज लाटा जवळजवळ दाराशी आपटतात, पण हिमयुगात पाणी मागे हटलं होतं आणि गुहेसमोर काही किलोमीटर वाळूचं, झुडपांचं मैदान होतं. इथे निअँडरथल माणसं राहत. आपली चुलत भावंडंच म्हण, आता नामशेष झालेली. त्यांच्यातल्या एका बाईची कवटी याच डोंगराच्या उत्तरेच्या खाणीत १८४८ साली मिळाली होती, पण ती कोणाची हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

आता शिनाण्यांची, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या काळ्या शिंपल्यांची गोष्ट, ती खास तुझ्यासाठी. व्हॅनगार्डच्या एका थरात चूल सापडली. राख, कोळसा, शिनाण्यांचे शिंपले आणि गारगोटीच्या कपच्या, सगळं एकाच ठिकाणी. कुणीतरी शिनाणे गोळा करून वर आणले, निखारे पसरून त्यांना धग दिली, तोंडं उघडल्यावर खाल्ले, तिथेच बसून हत्यारं घडवली आणि निघून गेले. एका बैठकीचा मामला! तू तिसऱ्यांच्या शिंपल्यांना वाफ देऊन झाकण काढतेस आणि न उघडलेली बाजूला टाकतेस ना, ते मला इथे राखेकडे बघताना रोज आठवतं.

पण गुहेत माणसं एकटी नव्हती. ती नसताना तरसं येऊन राहायची. त्यांची वाळून दगड झालेली विष्ठासुद्धा आम्ही नीट पिशवीत भरून ठेवतो, कारण तिच्यात त्या काळच्या झाडांचे परागकण अडकलेले असतात. म्हणून प्रत्येक हाडाला विचारावं लागतं, तुला खाल्लं कुणी? गारगोटीच्या धारेची खूण बारीक असते, भिंगाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते आणि आत केसाएवढ्या समांतर रेघा असतात. दाताची खूण रुंद, उथळ, आणि हाडाची टोकं कुरतडलेली. मंगळवारी सशाच्या हाडाच्या नखाएवढ्या तुकड्यावर अशा दोन रेघा दिसल्या. दिवा उजवीकडून पाडला, डावीकडून पाडला, तरी त्या हलल्या नाहीत. कुणीतरी सांध्यापाशी मांस सोडवलं होतं. मग बराच वेळ मी दुसऱ्या तुकड्याला हातच लावला नाही.

इथल्या थरांत रानबकऱ्याची, हरणांची हाडं मिळतात, पण सीलची आणि डॉल्फिनचीही मिळाली आहेत, आणि सीलच्या हाडावर कापल्याच्या खुणा आहेत. २००८ साली हे छापून आलं. समुद्रातलं अन्न मिळवण्याची अक्कल फक्त आपल्या जातीच्या माणसाला होती, असं तोपर्यंत पुष्कळजण धरून चालले होते. निअँडरथलला मठ्ठ, केसाळ प्राणी म्हणून रंगवलेलं बघितलं की मला आता खरंच राग येतो.

तू म्हणशील, मग आपल्या वेंगुर्ल्याला असं का सापडत नाही? माणसं तिथेही असणार, पण जांभ्याची माती आंबट आणि वरून चार महिने धो धो पाऊस. त्यात हाड विरून जातं. इथे चुनखडी त्याला सांभाळते. घाटावर मात्र हाडं टिकतात. येरवड्याला डेक्कन कॉलेजात असताना इनामगावचा ट्रे पहिल्यांदा समोर आला होता. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पाळलेल्या बैलाचं टाचेचं हाड होतं त्यात. ते ओळखता आलं नाही म्हणून घरी येऊन मी रडले होते आणि तू गप्प बसून वरण-भात वाढला होतास. त्या हाडाच्या नादानेच मी इथवर आले.

एक काम सांगते. दिवाळीनंतर मामाकडे जाशील तेव्हा शिनाणे आणायला सांग. निम्मे पातेल्यात वाफवा आणि निम्मे परसात निखाऱ्यांवर ठेवा. घड्याळ लावून बघ, कुठले आधी उघडतात, आणि निखाऱ्यावरच्या शिंपल्यांची कड काळी पडते का, आतून की बाहेरून. फोटो दिवसाउजेडी काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून. शिंपले फेकू नकोस, धुवून डब्यात ठेव, मी आले की बघेन.

बाबांना नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
मनू